कवडशांचें चित्र

१८७७ सालच्या एप्रिल महिन्यांत पॅरिस शहरीं, ल पेलतिए नांवाच्या रस्त्यावरील एका भाड्याच्या जागेंत, कांहीं तरुण चित्रकारांनीं आपल्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें होतें. हें त्यांचें तिसरें प्रदर्शन. पहिल्या दोहोंच्या वेळीं वर्तमानपत्रांनीं त्यांची अशी कांहीं संभावना केली होती कीं, पाहण्यास येणारांपैकीं पुष्कळजण हंसण्याची तयारी करूनच आले होते. त्या जागेंत एक मोठें चित्र टांगलेलें होतें. रुंदी सुमारें पावणेसहा फूट आणि उंची सव्वाचार फुटांहून किंचित् अधिक. 'मूलँ द ला गालेत येथील नाच' हें त्याचें नांव. चित्रकार पिएर-ओग्युस्त रेन्वार. वय वर्षें छत्तीस.

आकाशवाणीला आवाज आहे, रंग नाहीं. तेव्हां हें चित्र श्रोत्यांनीं आपल्या मनांतच टांगून घ्यावयाचें आहे. एक बाग आहे. वर झाडांची दाट पालवी, आणि तिच्यांतून गळणारें दुपारचें ऊन. त्या उन्हाचे कवडसे जमिनीवर, बांकांवर, स्त्रियांच्या झग्यांवर, पुरुषांच्या पाठींवर विखुरले आहेत. उजव्या हातास एका टेबलाभोंवतीं कांहीं तरुण बसले आहेत. टेबलावर सरबताचे पेले आहेत. त्यांच्याशीं बोलत एक मुलगी बांकावर बसली आहे, तिच्या अंगांत उभ्या पट्ट्यांचा झगा आहे; दुसरी तिच्या खांद्यावरून वांकून ऐकत आहे. डाव्या अंगास गुलाबी झग्यांतील एक तरुणी आपल्या जोडीदाराबरोबर नाचत आहे. अगदीं खालच्या कोपऱ्यांत सोनेरी केसांचें एक लहान मूल. आणि या सर्वांच्या मागें माणसेंच माणसें: टोप्या, माना, खांदे, गिरकी घेणारे झगे; त्यांच्याहि पलीकडे दिव्यांचे पांढरे गोळे.

हें झालें दुरून पाहणाराचें वर्णन. जवळ जाऊन पाहणारास मात्र यांतलें निम्मेंहि दिसेना. मागच्या रांगेंतील चेहरा पाहूं जावें तों तेथें गुलाबी रंगाचा एक ठिपका आणि त्यावर करड्या रंगाचे दोन फटकारे. टोपी म्हणजे पिवळ्या रंगाचा एक ओढ. कोणत्याहि वस्तूला कांठ म्हणून नाहीं. झगा कोठें संपला आणि जमीन कोठें लागली याचा पत्ता नाहीं. पुढें पाठमोऱ्या बसलेल्या गृहस्थाच्या गडद कोटावर फिकट डाग पडलेले. जणूं कोणी त्याच्या पाठीवर कांहीं सांडलें आहे. चित्र अर्धवट टाकलें आहे कीं काय, असा प्रश्न कोणासहि पडावा. एक वर्षापूर्वीं याच रेन्वारनें झाडाच्या छायेंतील स्त्रीदेहाचें एक चित्र मांडलें होतें, तेव्हां 'फिगारो' पत्राचे टीकाकार अल्बेर व्होल्फ यांनीं, स्त्रीचें शरीर म्हणजे हिरव्या-जांभळ्या डागांचा कुजत चाललेला गोळा नव्हे हें कोणीतरी या गृहस्थास समजावून सांगावें, अशा अर्थाचें लिहिलें होतें. पानांतून आलेल्या उजेडास सडकें मांस समजणारा हा टीकाकार मूर्ख नव्हता. त्याच्या डोळ्यांना दुसरीच संवय होती, इतकेंच.

ही संवय काय होती हें समजण्यास फार दूर जावें लागत नाहीं. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना काढला आणि पुढें तो लोणावळ्यानजीक मळवली येथें गेला. तेथें छापलेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें मराठी घराघरांत गेलीं. देवघराच्या भिंतीवर हातभर अंतरावरून पाहण्याचीं तीं चित्रें. जरीचा कांठ, मोत्याचा सर, नखावरील लाली, सर्व कांहीं जागच्या जागीं स्पष्ट. ज्याचा डोळा या चित्रांवर पोसला, त्यास चित्र म्हणजे सगळें सांगून मोकळें होणारी वस्तु असें वाटलें तर नवल नाहीं. रविवर्म्यानींहि करमणुकीचें एक मोठें चित्र काढलें आहे. १८८९ सालीं म्हैसूर दरबाराकरितां त्यांनीं निरनिराळ्या प्रांतांच्या वेषांतील वादक स्त्रियांचा एक मेळावा रंगविला. अकरा स्त्रिया एकत्र जमल्या आहेत, मध्यें वीणा आहे, वस्त्रांच्या चुण्या मोजून घ्याव्यात इतक्या नीट. चित्र सुंदर आहे. पण गाणें अजून सुरू व्हावयाचें आहे! प्रत्येकजण चित्रकारापुढें बसली आहे. एकीचाहि पाय ठेक्यावर हललेला नाहीं. रेन्वारच्या चित्रांत उलट आहे. तेथें एकाहि झग्याची चुणी मोजतां येत नाहीं, आणि नाच मात्र थांबत नाहीं.

याचें कारण कुंचल्यांत आहे, तसेंच पाहणाराच्या डोळ्यांतहि आहे. कार्तिकी पौर्णिमेस रामटेकची जत्रा भरते. नागपुराकडून तिकडे जाणारा रस्ता कामठी सोडल्यावर कन्हान नदीवरून जातो, आणि आगगाडीनें जाणारासहि रामटेकचा फाटा कन्हानलाच लागतो. जत्रेच्या दिवसांत या पुलावरून लोटणारी गर्दी काठावरच्या रेतींत उभें राहून पाहावी. डोळ्यास प्रथम काय दिसतें? अमक्याचें नाक किंवा तमकीची नथ दिसत नाहीं. पागोट्यांचे तांबडे ठिपके, लुगड्यांचे हिरवे-जांभळे पट्टे, डोक्यावरील गांठोड्यांची पांढरी रांग आणि त्या सगळ्यांची एक हालचाल, एवढेंच दिसतें. त्यांतील एखाद्या माणसावर नजर खिळवावी तर तेवढा एक चेहरा स्पष्ट होतो आणि बाकीची गर्दी पुन्हां रंगांचा गोंधळ होऊन बसते. शंभर माणसांचे शंभर चेहरे एकाच वेळीं रेखीव दिसणें ही गोष्ट जगांत कोठेंहि घडत नाहीं. ती फक्त चित्रांतच घडते, आणि जेथें घडते तेथें माणसें पुतळ्यांसारखीं उभीं राहतात. रेन्वारनें हें ओळखलें. म्हणून टेबलाजवळच्या चार-सहा चेहऱ्यांवर त्यानें मन लावून काम केलें आणि जसजसें मागें जावें तसतसा कुंचला मोकळा सोडला. कोठें किती न सांगावें हें त्यानें ठरविलेलें आहे. घाईनें हात फिरविणारास असें ठरवितां येत नाहीं.

आतां रंगांचें. झाडाखालच्या कवडशांकडे आपण रोज पाहतों, पण त्यांची एक गंमत सहसा ध्यानांत येत नाहीं. पानांमधील फटी वेड्यावांकड्या असतात, तरी खालीं पडणारे कवडसे बहुधा गोल असतात. कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचीच एक लहानशी प्रतिमा. खंडग्रास ग्रहणाच्या वेळीं झाडाखालीं पाहिलें तर जमिनीवर शेंकडों चंद्रकोरी पडलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट सावलीची. शाळेंत मुलें सावली काळी रंगवितात. परंतु उघड्यावरच्या सावलींत ऊन नसलें तरी आकाशाचा निळा उजेड असतो. शिवाय पिवळ्या उन्हाच्या शेजारीं ती डोळ्यास अधिकच निळी-जांभळी भासते. एका रंगाच्या शेजारामुळें दुसरा रंग कसा बदलतो, याचे नियम गोबेलँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यांत रंगखात्यावर असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानें १८३९ सालींच ग्रंथरूपानें मांडले होते. रेन्वारच्या चित्रांतील जमीन पाहिली तर ती निळसर, जांभळट, मध्येंच गुलाबी अशी आहे. मातीचा रंग तिच्यांत शोधूनच काढावा लागतो. त्या निळाईमुळें कवडसे उन्हासारखे पेटतात. सावली काळी केली असती तर तेच कवडसे चुन्याचे डाग दिसले असते.

हे रंगहि नवे होते. कोबाल्टचा निळा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२६ च्या सुमारास फ्रान्समध्यें तयार झाल्यावर, पूर्वीं सोन्याच्या भावानें विकला जाणारा निळा रंग सामान्य चित्रकाराच्या आटोक्यांत आला. आणि १८४१ सालीं जॉन रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें रंग भरून ठेवण्याची कथलाची नळी शोधून काढली. तोंपर्यंत घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. तो सुके, सांडे, बाहेर नेणें त्रासाचें होई. नळी आली आणि चित्रकार झाडाखालीं जाऊन बसूं लागला.

रेन्वारचा हात कसा घडला हेंहि पाहण्यासारखें आहे. लिमोज गांवच्या एका शिंप्याचा हा मुलगा. तेराव्या वर्षीं पॅरिसमध्यें चिनी मातीच्या भांड्यांवर फुलें आणि चेहरे रंगविणाऱ्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. यंत्रानें भांड्यांवर छाप उठूं लागले तेव्हां तें काम गेलें. मग त्यानें पंखे रंगविले, खिडक्यांचे पडदे रंगविले. भांड्यावरील कामानें रंग पातळ आणि चकचकीत ठेवण्याची संवय लागली असावी, आणि पडद्यांनीं हात सैल केला असावा.

पडद्यांवरून मराठी मनुष्यास दुसरेच पडदे आठवतील. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनीं नाटक मंडळ्यांकरितां रंगविलेले राजवाडे, उद्यानें आणि रस्ते पाहून प्रेक्षक थक्क होत. तो पडदा जवळून पाहिला तर काय दिसे? हातभर रुंद कुंचल्याचे फराटे! परंतु पिटांत बसलेल्या माणसास तेथें संगमरवराचा खांब दिसे. याचा अर्थ असा कीं, रविवर्म्याच्या छापील चित्रावर पोसलेला तोच गृहस्थ संध्याकाळीं नाटकगृहांत जाऊन मोकळ्या कुंचल्याचें काम दुरून पाही, त्यावर विश्वास ठेवी, आणि पदास 'वन्स मोअर' देई. मग भिंतीवर टांगलेल्या चौकटींत तेंच काम आलें कीं त्यास तें अपुरें कां वाटावें? नाटकगृहांत त्याची खुर्ची ठरलेली असते. चित्रापुढें किती दूर उभें राहावयाचें हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. मूलँ द ला गालेतचें चित्र आठ-दहा पावलें मागें सरून पाहावें. कांठ आपोआप जुळतात आणि झगे गिरकी घेऊं लागतात.

परंतु १८७७ सालच्या हंसणारांना खुपलें तें केवळ कुंचल्याचें काम नव्हे. कॅनव्हास एवढा मोठा आणि त्यावर माणसें कोण? पॅरिसच्या उत्तरेस माँमार्त्र नांवाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर पूर्वीं पवनचक्क्या होत्या, त्यांपैकीं दोन देब्रे घराण्याच्या. तेथें दळलेल्या पिठाची चपटी भाकरी, म्हणजे गालेत, मिळे. म्हणून जागेस तें नांव पडलें. पुढें तेथेंच नाचाची जागा झाली. रविवारीं दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत नाच चाले. येणाऱ्या मुली म्हणजे आसपासच्या शिवणकाम करणाऱ्या, टोप्या करणाऱ्या, कागदी फुलें बनविणाऱ्या. आणि त्यांच्याबरोबर कारकून, कारागीर व कफल्लक चित्रकार. पावणेसहा फुटी चित्र म्हणजे लढाया, राजे आणि देवता यांचा मान. तो आठवडाभर सुई चालविणाऱ्या पोरींस दिलेला!

याच टेकडीवर सहा वर्षांपूर्वीं, १८७१ च्या १८ मार्च रोजीं, तोफांवरून सैन्य आणि लोक यांच्यांत तंटा होऊन पॅरिसच्या कम्यूनचें बंड सुरू झालें होतें. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत तें मोडतांना हजारों माणसें गोळ्यांना बळी पडलीं. या गोष्टीचें चिन्ह चित्रांत कोठेंहि नाहीं. कांहीं टीकाकारांनीं रेन्वारला यासाठीं उथळ म्हटलें आहे. हा आरोप पुरता पटत नाहीं. रक्त पाहिलेल्या गल्ल्यांतील लोक पुन्हां रविवारीं नवा कॉलर घालून नाचावयास येतात, ही गोष्टहि इतिहासांत नोंदण्याजोगी आहे. चित्रकाराचा मित्र जॉर्ज रिव्हिएर यानें प्रदर्शनाच्या वेळींच एक लहानसें नियतकालिक चालविलें होतें. त्यांत त्यानें हें चित्र पॅरिसच्या जीवनाच्या इतिहासाचें एक पान आहे असें म्हटलें. मित्राची स्तुति म्हणून ती तेव्हां कोणी मनावर घेतली नाहीं.

रिव्हिएर स्वतः त्या टेबलाशीं बसलेला आहे. चित्र तेथेंच, बागेंत, रंगविलें गेलें आणि मित्र रोज कॅनव्हास उचलून नेत असत, असें त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. एवढें मोठें चित्र वाऱ्यांत उभें राहिलें कसें, अशी शंका अभ्यासकांनीं काढली आहे, आणि लहान आकाराचें याच विषयाचें दुसरें चित्रहि आहे. तें कसेंहि असो. गुलाबी झग्यांत नाचणाऱ्या मुलीचें नांव मार्गो. ती रेन्वारसाठीं पुष्कळदां बसे. १८७९ च्या आरंभीं ती आजारी पडली. रेन्वारनें डॉक्टर गाशे यांस तिच्याकडे जाण्याविषयीं विनवणीचीं पत्रें लिहिलीं. (पुढें व्हॅन गॉगच्या शेवटच्या दिवसांत ज्याचें नांव येतें तोच हा डॉक्टर.) उपयोग झाला नाहीं, फेब्रुवारींत ती मरण पावली. चित्रांत तिचा चेहरा आपल्याकडे वळलेला आहे, आणि तो फार रेखीव नाहीं. एका फोटोग्राफरनें तिचा रेखीव चेहरा टिपून ठेवला असता. ही मान टाकण्याची ढब, ही गिरकी, त्यास त्या काळीं साधली नसती.

मराठी मुलखांत हा मोकळा कुंचला आला तो निराळ्या वाटांनीं. कोल्हापुरास आबालाल रहिमान यांनीं, १९३१ सालीं निधन होईपर्यंत, कोटितीर्थाच्या परिसरांतील पाणी, झाडें आणि सकाळसंध्याकाळचा उजेड असा कांहीं रंगविला कीं तेथेंहि कांठ विरघळतात. पंढरपुरांत जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईस येऊन सिनेमाच्या जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवीत; लोकांच्या करमणुकीचें चित्र, तेंहि रस्त्याच्या पलीकडून दिसावें असें, म्हणजे हात मोकळा सुटणारच. विदर्भाचा वांटा यांत लहान नाहीं. १९३९ ते १९४३ पर्यंत सैयद हैदर रझा नागपूरच्या चित्रशाळेंत शिकले. तेथेंच शिकलेले दुसरे चित्रकार हरि अंबादास गाडे. जन्म १९१७, अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव. पदवी विज्ञानाची आणि ओढ निव्वळ रंगाची. १९४७ सालीं मुंबईस प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा जो गट निघाला त्यांत सूझा, हुसेन, आरा आणि शिल्पकार बाकरे यांच्या जोडीस नागपुरास शिकलेले हे दोघेहि होते.

रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यांतील बाबरिया गांवचा, वडील जंगलखात्यांत. कन्हानचा पूल ओलांडून मनसरवरून उत्तरेस गेलेला जुना रस्ता शिवनीकडे जातो, आणि त्याच्याहि पलीकडे तें अरण्य. लहानपणीं रात्रीं त्या काळोखाची भीति वाटे, गोंडांचा नाच सुरू झाला कीं तेवढा माणसाच्या सोबतीचा धीर येई, आणि बाजाराच्या दिवशीं उन्हांत सारें गांव रंगांनीं उजळून जाई, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. १९५० सालीं ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षें तेथें राहिले. १९७० च्या आगेमागे त्यांनीं काढलेल्या चित्रांत काळ्या रानांतून तांबडे-पिवळे फटकारे पेटत येतात; नाचणारा मनुष्य त्यांत एकहि नाहीं, पण ती रात्र आहे.

यापुढें मात्र थोडें थांबावें लागतें. नागपूर-भंडाऱ्याकडील खेड्यांत सुगीनंतर खडी गंमत उभी राहते. पडदा नाहीं, खुर्ची नाहीं. डफ आणि ढोलकी, स्त्रीवेषांतला नाच्या, दोन शाहिरांचे सवाल-जवाब, आणि एका बत्तीच्या उजेडांत गोल बसलेलें गांव. ती बत्ती हलली कीं सबंध गर्दीचे रंग बदलतात. मोकळ्या कुंचल्यास याहून योग्य विषय तो कोणता? पण आपल्या चित्रकारांनीं तो कुंचला घाटांवर, देवळांवर, बाजारांवर जितका चालविला तितका गंमतीच्या आणि तमाशाच्या कनातीकडे वळविला नाहीं. याचा दोष त्यांच्या एकट्यांचा म्हणतां येणार नाहीं. चित्र विकत घेणारीं घरें सुशिक्षितांचीं. आणि तमाशा पाहून आल्याचें ज्या घरांत पुष्कळ वर्षें कोणी उघड सांगत नसे, त्या घराच्या दिवाणखान्यांत त्याचें पावणेसहा फुटी चित्र कोण लावणार?

रेन्वारच्या चित्रास असें एक घर मिळालें. गुस्ताव्ह कायबोत हा स्वतः चित्रकार, आणि घरचा श्रीमंत. त्यानें आपल्या या मित्रांचीं चित्रें, तीं कोणी घेत नव्हतें तेव्हां, विकत घेतलीं. आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षींच, १८७६ सालीं, मृत्युपत्र करून तीं फ्रेंच राष्ट्रास देऊन टाकलीं. १८९४ सालीं तो वारला तेव्हां रेन्वारवरच त्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचें काम आलें. सरकारनें पुष्कळ कां-कूं केलें, सारीं चित्रें घेतलींहि नाहींत. पण हा नाच घेतला. तो लक्झेंबर्गच्या संग्रहालयांत लागला, १९२९ सालीं लूव्हरमध्यें गेला आणि १९८६ पासून पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे. त्याच विषयाचें लहान चित्र १९९० सालीं न्यूयॉर्क येथें लिलांवांत सात कोटी ऐंशी लक्ष डॉलरांच्या वर गेलें.

कायबोतनें आपलें स्वतःचें एक चित्र काढलें आहे. तो चित्रफलकापुढें कुंचला घेऊन बसला आहे, आणि मागें भिंतीवर, कोचाच्या वर, मूलँ द ला गालेतचा नाच टांगलेला दिसतो. त्यांत टेबल डावीकडे आणि नाचणारीं माणसें उजवीकडे गेलीं आहेत; कारण हें चित्र त्यानें आरशांत पाहून काढलें होतें.